जुन्या भिंतींचा नवा गिलावा

गोंदियाच्या जुन्या वस्त्यांत, तसेंच तिरोडा, आमगांव, देवरी या बाजूंस, कवेलूंच्या छपराखालीं मातीच्या भिंतींचीं घरें अद्याप उभीं आहेत. पिढ्यानुपिढ्या त्या भिंतींना मातीचें सारवण व वर चुन्याची सफेती मिळत आली. आतां घरधन्याजवळ चार पैसे जमले, कीं पहिला विचार येतो तो सिमेंटची छपाई करून टाकण्याचा. गिलाव्याला तिकडे छपाई म्हणतात. दरवर्षींच्या सारवणांतून घरांतील स्त्रियांची सुटका व्हावी, ही इच्छा हंसण्यावारीं नेण्यासारखी खचित नाहीं. प्रश्न एवढाच, कीं या नव्या कातडीखालीं जुनी भिंत जगते कीं मरते?

जुन्या घरांच्या जोत्यांत पाणी अडविणारा थर सहसा नसतो. दिव्याच्या वातींतून तेल चढावें, तशी जमिनींतील ओल भिंतींत चढते. माती व चुना यांना सूक्ष्म छिद्रें असल्यामुळें ती ओल बाहेरच्या वाऱ्याउन्हानें उडून जाते. सिमेंटचा गिलावा घट्ट आणि ताठ. माती ओलीनें फुगते, सुकली कीं आकसते. सिमेंट तिच्याबरोबर हलत नाहीं, म्हणून बारीक भेगा पडतात. आषाढांतील पाऊस त्या भेगांतून आंत शिरतो आणि परत निघावयास वाट मिळत नाहीं. बाहेरून भिंत गुळगुळीत, आंत मात्र माती चिखल होत असते. साध्या सारवलेल्या भिंतीचा रोग डोळ्यांना दिसतो. सिमेंटखालचा दिसत नाहीं, आणि एखाद्या रात्रीं निजलेल्या माणसांवर भिंत येते तेव्हांच कळतो.

चुन्याची गोष्ट निराळी. चुनखडी सुमारें 900 अंश उष्णतेवर भाजली म्हणजे कळीचा चुना होतो. तो पाण्यांत विरवून कांहीं आठवडे मुरवितात. (विरवितांना पाणी उकळतें, मुलांना दूर ठेवावें व डोळे जपावे.) भिंतीवर लागल्यावर हा चुना हवेंतील कर्बवायु शोषून पुन्हां दगड होत जातो, परंतु सावकाश. पूर्वी त्याला बळ यावें म्हणून विटांची भुकटी, म्हणजे सुर्खी, मिसळून बैलांच्या घाण्यांत दळीत. भातगिरण्यांच्या या जिल्ह्यांत दुसरेंहि एक साधन आहे. धानाच्या कोंड्याच्या राखेंत शेंकडा 85 ते 90 वाळूंतलेंच मुख्य द्रव्य, सिलिका, असतें. बेताच्या आंचेवर जाळलेली व बारीक दळलेली ही राख चुन्याशीं संयोग पावून त्यास कठीण करते. भट्टींतील काळी, अर्धवट जळलेली राख मात्र या कामाची नव्हे.

गिलावा बदलण्यापूर्वी लांकडी मुठीनें भिंत ठोकून पाहावी. जेथें पोकळ आवाज येतो तेवढाच भाग काढावा. घट्ट बसलेला जुना थर उपटण्यांत केवळ गवंड्याची मजुरी वाढते. त्याहून आधीं पाहावयाचें तें पाणी कोठून येतें हें. फुटलें कवेलू, आंखूड वळचण, जोत्यापाशीं सांचणारीं पागोळ्यांचीं डबकीं, हीं तशींच ठेवून उत्तम चुनाहि टिकणार नाहीं.

एक भाग चुना व तीन भाग वाळू हें सर्वसाधारण प्रमाण. थर पातळ द्यावे, आणि आठवडाभर ओल राखावी. वैशाखांत काम काढल्यास चुना भाजल्यासारखा सुकून भुगा होतो. धानाची कापणी-मळणी उरकली, कीं दिवाळीनंतरचे थंड दिवस बरे. वर प्लॅस्टिकचा रंग फासूं नये, कारण तोहि वाट बंदच करतो, सफेती पुरे.

ज्यांनीं सिमेंट आधींच लावलें आहे, त्यांनीं सारी भिंत एकदम सोलूं नये. ओल पिऊन नरम झालेली माती उघडी पडतांच ढासळण्याचा संभव असतो. प्रथम छपराला आंतून टेकू द्यावा, मग उन्हाळ्याच्या आरंभीं जमिनीलगतची हातभर पट्टी थोडी थोडी फोडून भिंतीला सुकूं द्यावें, आणि पावसाळा सरल्यावर तेथें चुना भरावा.