हळव्या आतड्याचा रोजा

रमजान आला की इफ्तारच्या दस्तरखानाची वर्णने रंगू लागतात. खजूर, कलिंगड, कांदाभजी, चना चाट, खिमा समोसे, दुधातले गुलाबी सरबत. पण त्याच दस्तरखानावर एखादे माणूस असेही बसलेले असते, ज्याला हे सगळे पाहून आधी धास्ती वाटते. आता खाल्ले तर अर्ध्या तासात पोटात मुरडा येणार. तरावीहला सफमध्ये उभे राहायचे आणि मध्येच निघून यावे लागले तर लोक काय म्हणतील? मग ते घरीच नमाज पढते. मोहल्ल्यात त्याची गणना आळशी लोकांत होते. स्त्री असेल तर ती कुणाला काही सांगतच नाही.

या दुखण्याचे नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस. आपण त्याला हळवे आतडे म्हणू. यात आतड्याला जखम नसते, गाठ नसते. तपासण्यांचे अहवाल बहुधा साफ येतात. म्हणून घरचे म्हणतात, ‘तुला काही झालेले नाही.’ पण दुखणे खरे असते. जगभरचे पोटविकारतज्ज्ञ यासाठी ‘रोम निकष’ वापरतात. २०१६च्या निकषांनुसार गेले ३ महिने आठवड्यातून सरासरी किमान १ दिवस पोट दुखत असेल आणि त्या दुखण्याचा संबंध शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा मळ घट्ट-पातळ होण्याशी असेल (या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी हव्यात), तर आयबीएस धरला जातो. त्रासाची सुरुवात किमान ६ महिन्यांपूर्वीची असावी लागते. कुणाला बद्धकोष्ठ होते, कुणाला जुलाब, कुणाला आलटून-पालटून दोन्ही.

आतड्याचे स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते आणि मेंदूशी त्याचे सतत बोलणे चालू असते. आयबीएसमध्ये हे बोलणे बिघडते. इतरांना जाणवतही नाही एवढा वायू या माणसाला कळ आणतो. परीक्षा, भांडण, अपुरी झोप यांनी त्रास वाढतो. अनेकांना तो एखाद्या जोरदार जुलाबाच्या आजारानंतर सुरू होतो. डॉक्टर कधी अमिट्रिप्टिलीनसारखे औषध अगदी कमी मात्रेत देतात. ते ‘वेडाचे औषध’ म्हणून फेकून देऊ नये. आतड्याच्या वेदना शमवण्यासाठीच ते दिलेले असते.

आता रोजाकडे येऊ. पोटात अन्न पडले की मोठे आतडे हालचाल करू लागते, हा शरीराचा नियमच आहे. दिवसभराच्या रिकाम्या पोटात तळलेले, तिखट आणि भरपूर एकदम गेले, तर हळवे आतडे उसळते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या शेजाऱ्यांच्या उपवासाची. पण इफ्तारलाही ती तंतोतंत लागू पडते.

सुन्नत तर साधीच आहे : खजूर आणि पाणी. एखाददुसरा खजूर, पाण्याचे घोट, मग मगरिबची नमाज आणि त्यानंतर बेताचे जेवण. ही पद्धत या आतड्याला मानवते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने आतड्यात आंबून वायू करणाऱ्या पदार्थांचा अभ्यास करून ‘लो फॉडमॅप’ आहार तयार केला. त्याच्या वर्ज्य यादीत कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध, सफरचंद, कलिंगड येतात. भात, बटाटा, अंडी, मासे, साधे मटण, पपई, संत्रे चालतात. ही यादी आयुष्यभरासाठी नाही. काही आठवडे पथ्य करून मग एकेक पदार्थ परत खाऊन पाहायचा आणि आपला शत्रू कोणता ते ओळखायचे. हे आहारतज्ज्ञाच्या मदतीने केलेले बरे.

सहेरी बुडवू नये. चहावर चहा घेऊ नये. बद्धकोष्ठाचा त्रास असेल तर इसबगोल उपयोगी पडतो. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘अस्प’ म्हणजे घोडा. बी दिसते घोड्याच्या कानासारखे. मात्र तो इफ्तारनंतर, भरपूर पाण्यासोबत घ्यावा. रोजच्या गोळ्या असतील तर त्यांच्या वेळा इफ्तार आणि सहेरीच्या मध्ये बसतील का, हे डॉक्टरांना विचारावे.

काही लक्षणे मात्र आयबीएस समजून अंगावर काढू नयेत : शौचातून रक्त, कारण नसताना घटणारे वजन, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग. अशा वेळी ईदची वाट पाहू नये. आयबीएसमधून कर्करोग होत नाही, पण तो आयबीएसच आहे हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

राहिला प्रश्न मनाचा. सूरह बकरामध्ये जिथे रोजाचा आदेश आहे, तिथेच आजारी माणसाला इतर दिवशी रोजे पूर्ण करण्याची मुभाही आहे. जुलाबांनी अंगातले पाणी आटले असताना रोजा रेटणे म्हणजे ती मुभा नाकारणे. वुजूच्या बाबतीतही नुसत्या शंकेने वुजू तुटत नाही, खात्री व्हावी लागते. ज्यांना वायूचा त्रास थांबतच नाही, त्यांच्यासाठी फिकहमध्ये ‘माजूर’ म्हणून वेगळी सवलत आहे. आपल्या इमामसाहेबांना एकांतात विचारावे. त्यांनी हा प्रश्न याआधीही ऐकलेला असतो.

आणि घरच्यांनी, यजमानांनी एवढेच करावे : आग्रह आवरावा. महाराष्ट्रात हिंदू असो वा मुसलमान, पाहुण्याला ‘एक तरी घ्याच’ म्हटल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. ईदच्या दिवशी कुणी शीरखुर्म्याची वाटी हसून परत केली, तर कारण विचारू नका. साधा भात आहे का, तेवढे पाहा.