कार्डांचा बाजार, मुलांचे सौदे आणि जर्मन कायदा

जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. तरीही एखाद्या गावाच्या नगरसभागृहाबाहेर सकाळी दहाच्या आधीच रांग लागलेली दिसली, तर आत बहुधा संग्राहकांचा बाजार भरलेला असतो. लांब टेबलांवर पारदर्शक पानांच्या जाडजूड फायली, काचेच्या पेट्यांत जपून ठेवलेली पोकेमॉन, मॅजिक आणि फुटबॉलपटूंची कार्डे, पाठीवर सॅक घेऊन टेबलाटेबलांवर फिरणारी दहा-अकरा वर्षांची मुले आणि त्यांच्यामागे कॉफीचा कागदी पेला घेऊन उभे असलेले पालक. या पालकांत आता मराठी बोलणेही अधूनमधून कानावर पडते.

अशाच एका बाजारात एका स्नेह्यांचा मुलगा आनंदाने धावत आला. ‘‘बाबा, मी एक कार्ड देऊन सहा मिळवली!’’ बाबांनी मोबाइलवर भाव पाहिला, तेव्हा दिलेल्या एका कार्डाची किंमत मिळालेल्या सहांच्या कितीतरी पट निघाली. पलीकडचा गृहस्थ चाळिशीचा होता. ‘‘सौदा झाला, आता काय बोलणार?’’ असे म्हणून ते गप्प बसले. वास्तविक कायद्याच्या दृष्टीने तो सौदा झालेलाच नव्हता. तो कसा, हे समजून घेणे प्रत्येक पालकाच्या उपयोगाचे आहे.

छंद जुनाच आहे

चित्रे जमवण्याचे वेड जर्मनीला पोकेमॉनने लावले, असे समजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लीबिश कंपनीच्या मांसार्काबरोबर रंगीत चित्रे मिळत. बहुधा सहा चित्रांचा एक संच असे आणि संच पुरा करण्यासाठी घराघरांतून अदलाबदल चाले. कोलोनच्या श्टोलवेर्क कंपनीने चॉकलेटबरोबर चित्रे दिली आणि ती चिकटवण्यासाठी अल्बमही काढले. १९३०च्या दशकात सिगारेटच्या पाकिटांतील कुपने जमवून चित्रे मागवता येत. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकचे अल्बम आजही या बाजारांत दिसतात. त्याच मालिकांत नाझी प्रचाराचे अल्बमही होते. अशा वस्तूंवरील स्वस्तिकचिन्ह झाकलेले दिसते, कारण दंडसंहितेच्या कलम ८६-अ नुसार त्या राजवटीच्या चिन्हांचे जाहीर प्रदर्शन गुन्हा ठरू शकते.

या रंगीत छपाईचा एक धागा आपल्याकडेही येतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला, तो जर्मन यंत्रे आणि जर्मन तंत्रज्ञ यांच्या बळावर. पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला हा छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. काडेपेट्यांचे छाप जमवणाऱ्या आपल्या आधीच्या पिढ्या आणि चॉकलेटची चित्रे जमवणारी जर्मन मुले एकाच तंत्राच्या नादी लागली होती.

किंमत कशी ठरते?

कार्डाची किंमत दुर्मीळता, मागणी आणि स्थिती या तीन गोष्टींवर ठरते. नवख्याला तिसरी दिसत नाही. कोपरा किंचित पांढरा पडला, पाठीवर ओरखडा असला, की भाव निम्म्याहून खाली येऊ शकतो. बर्लिनमधून चालणाऱ्या कार्डमार्केट या संकेतस्थळावर स्थितीच्या सात पायऱ्या मानल्या जातात, आणि बाजारातील बहुतेक व्यवहार तिथले चालू भाव पाहूनच होतात. महागडी कार्डे तपासणी संस्थांकडे पाठवून १ ते १० गुणांच्या पट्टीवर मोजली जातात आणि कडक प्लास्टिकच्या आवरणात बंद होऊन परत येतात. २०२२ साली मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२चे कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेले, त्यामागे खेळाडूच्या कीर्तीइतकाच त्या कार्डाच्या सुस्थितीचाही वाटा होता.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंटरनेटवरील खरेदीला मिळणारी चौदा दिवसांत माल परत करण्याची मुभा बाजारातील टेबलावर केलेल्या खरेदीला सामान्यतः नसते. म्हणून कार्ड आवरणातून बाहेर काढून, उजेडात तिरपे धरून पाहू देण्याची विनंती करावी. सच्चा विक्रेता नाही म्हणत नाही.

मुलाचा सौदा कधी ग्राह्य?

जर्मन नागरी संहितेनुसार सात वर्षांखालील मूल करार करूच शकत नाही. सात ते सतरा वयातील मुलाने केलेल्या, त्याच्यावर काही बंधन घालणाऱ्या कराराला पालकांची संमती लागते. ती मिळेपर्यंत करार अधांतरी राहतो (कलम १०७ व १०८). समोरच्याने पालकांना विचारणा केली आणि दोन आठवड्यांत होकार आला नाही, तर तो नकार धरला जातो. नकार म्हणजे दोघांनी आपापल्या वस्तू परत करायच्या. ‘‘मला तो मोठा वाटला’’ ही सबब चालत नाही.

याला अपवाद कलम ११०चा. खाऊच्या पैशांनी मुलाने पूर्ण किंमत चुकती करून घेतलेली वस्तू ग्राह्य ठरते. मग खाऊच्या पैशांच्या पाकिटातून निघालेले मौल्यवान कार्ड त्याने दिले तर? इथे १९१० सालचा एक निकाल आठवावा. एका अल्पवयीन मुलाने खाऊच्या पैशांतून लॉटरीचे तिकीट घेतले, मोठे बक्षीस लागले आणि त्या रकमेतून त्याने मोटार घेतली. तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पालकांनी मुभा दिली ती तिकिटापुरती. मोटारीपर्यंत ती पोचत नाही. बंद पाकीट हेही एक प्रकारचे तिकीटच. दहा युरोंचे पाकीट घ्यायला दिलेली परवानगी शेकडो युरोंचे कार्ड देऊन टाकण्याची परवानगी होत नाही.

मात्र समोरचा माणूस सापडला तरच हक्काचा उपयोग. म्हणून टेबलाचा क्रमांक आणि विक्रेत्याचे नाव टिपून ठेवावे, आणि विशिष्ट रकमेवरील अदलाबदल विचारल्याशिवाय करायची नाही, हे मुलाशी घरीच ठरवावे.

आपण स्वतः विकत असाल तर

खरेदीनंतर वर्षाच्या आत विकलेल्या संग्राह्य वस्तूंवरील नफा करपात्र असतो. २०२४पासून वर्षभरातील असा एकूण नफा १,००० युरोंच्या आत असेल तर कर नाही. पण मर्यादा गाठली, की वरच्या रकमेवर नव्हे, संपूर्ण नफ्यावर कर लागतो. ऑनलाइन मंचावर वर्षाला ३० विक्रीव्यवहार झाले किंवा २,००० युरो मिळाले, तर तो मंच ही माहिती कर खात्याला कळवतो. नियमितपणे घेऊन विकणे हा छंद न राहता व्यवसाय ठरू शकतो. ब्लू कार्डवर असलेल्यांनी तर आपल्या निवास परवान्यात स्वतंत्र व्यवसायाची मुभा आहे का, हे आधी पाहावे. नसेल, तर परदेशी नागरिक कार्यालयाकडे ती मागावी लागते.

त्या स्नेह्यांचे पुढे काय झाले? ते मुलाला घेऊन पुन्हा त्या टेबलाशी गेले आणि शांतपणे म्हणाले, की या अदलाबदलीला माझी संमती नाही. गृहस्थाने क्षणभर दोघांकडे पाहिले आणि फाईल उघडून कार्ड काढून दिले. मुलाने सहा कार्डे मोजून परत केली. परतीच्या गाडीत त्याने एवढेच विचारले, ‘‘बाबा, मग माझ्या शब्दाला किंमत नाही का?’’ त्याचे उत्तर कलम १०८ मध्ये नाही. ते बाबांनाच शोधावे लागले, आणि पुढच्या बाजाराला जाण्यापूर्वी दोघांनी मिळून भाव पाहण्याचा नियम त्यातूनच ठरला.