गर्भांकुराची रक्तदोष-परीक्षा

सिकलसेल व थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक रोग नागपूरकरांस नवे नाहींत. सिकलसेलची या भागांतील नोंद डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनीं १९५८ सालींच प्रसिद्ध केली. थॅलेसेमिया सिंधी समाजांत विशेष आढळतो; १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनीं वसविलेल्या जरीपटक्यांत अशा रुग्ण मुलांसाठीं उपचारकेंद्र आहे. तीव्र थॅलेसेमियाच्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनीं रक्त द्यावें लागतें. घरची शेती सांभाळून ही ये-जा करणाऱ्या आईबापांची दशा काय होत असेल, तें सांगावयास नको.

रोगाचा वाहक मात्र धडधाकट दिसतो. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. जमिनीवरील बोजा बांधावर उभें राहून दिसत नाहीं, त्यास सात-बाराच काढावा लागतो. तद्वत् हा दोष रक्ततपासणीनेंच कळतो. पतिपत्नी दोघेंहि वाहक असल्यास प्रत्येक गर्भास रोगाचा संभव चारांत एक असतो. पहिलें मूल रोगी निघालें म्हणजे पुढचीं तीन निर्दोष, हा हिशेब सर्वस्वीं चुकीचा आहे.

अशा दांपत्यासाठीं स्त्रीबीज व पुरुषबीज यांचा संयोग प्रयोगशाळेंत घडवितात. पांचव्या-सहाव्या दिवशीं गर्भांकुर शंभराच्या आसपास पेशींचा होतो. त्याच्या आंतील पुंजक्यापासून मूल बनतें, बाहेरील थरापासून वार. भोंवतीं पारदर्शक कवच असतें. पूर्वीं तें आम्लानें वा कांचेच्या सुईनें उघडीत. आतां सूक्ष्मदर्शकाखालीं लेसर किरणाच्या क्षणार्धाहूनहि अल्प झोतानें छिद्र पाडतात, व बाहेरील थराच्याच पांच-दहा पेशी काढतात. पुंजक्यास धक्का लावीत नाहींत. परीक्षेचा निकाल येईतों अंकुर उणें १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनांत गोठवितात. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचें वीर्य ज्या थंड पात्रांतून गांवीं येतें, त्यांतील द्रव हाच. निर्दोष अंकुर मग गर्भाशयांत ठेवितात.

खर्च मोठा आहे, आणि अंकुर रुजेलच अशी हमी कोणताहि डॉक्टर देऊं शकत नाहीं. परीक्षाहि क्वचित् चुकते. म्हणून गर्भ राहिल्यावर पुन्हां तपासणीचा सल्ला देतात. या मार्गानें "मुलगाच निवडून द्या" म्हणणें १९९४ च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे.

ज्यांस हा खर्च झेपत नाहीं, त्यांनीं गर्भ राहतांच वेळ न दवडतां डॉक्टरांस भेटावें. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश काढून हीच रोगपरीक्षा करतां येते.