दगडावरचा साप आणि चकाकीचे गैरसमज

करड्या, गुळगुळीत दगडाला विळखा घालून बसलेल्या नारिंगी सापाचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला की दोन प्रश्न हमखास पडतात. एक, ‘हाच का नागमणी?’ दुसरा, ‘साप मेलेला आहे की काय, इतका शांत कसा?’ खरे तर असा फोटो बहुतेक वेळा अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या एखाद्या घरातला असतो. तिथे कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन हे बिनविषारी साप हौसेने पाळतात. दगड घासून चमकवणारेही तिकडे पुष्कळ. दोन्ही नाद एकाच माणसाला लागले की असे फोटो निघतात.

नागमण्याचे आधी उरकून टाकू. कुठल्याही सापाच्या कवटीत मणी मावेल अशी जागा नाही आणि मणी तयार करणारी ग्रंथीही नाही. विषारी सापाच्या डोक्यात विषग्रंथी असते, तिच्यात द्रव असतो. कोणी सापाच्या डोक्यातून खडा काढून दाखवला, तर तो आधी तिथे घातलेला असतो किंवा हातचलाखीने आणलेला असतो.

फोटोतल्या दगडाची चकाकी मात्र खरी असते, आणि ती कमावलेली असते. मिशिगन राज्यातला पेटॉस्की दगड हे त्याचे चांगले उदाहरण. 35 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ समुद्रात वाढलेल्या प्रवाळांचा हा जीवाश्म. 1965 साली मिशिगनने त्याला राज्याचा अधिकृत दगड ठरवले. किनाऱ्यावर कोरडा पडलेला असताना तो इतका सामान्य दिसतो की पायाखाली आला तरी कळू नये. पाणी लागले की षटकोनी घरांची नक्षी वर येते. शेजारी सापाचे खवले आले की दोन नक्ष्या एकमेकींना उठाव देतात, म्हणून फोटो काढणाऱ्यांचा हा आवडता दगड.

पॉलिश म्हणजे वरून लावलेला काहीतरी लेप, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात पॉलिश करताना दगडावरचे ओरखडे काढले जातात. आधी 220 नंबरचा पॉलिश पेपर, मग 400, मग 600, सगळे पाणी लावून. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे अधिक बारीक ओरखडे ठेवतो. शेवटी मखमलीच्या तुकड्यावर पॉलिशची पावडर घेऊन घासतात. पृष्ठभाग इतका सपाट होतो की प्रकाश इकडेतिकडे न फुटता आरशासारखा परततो. घाईत 220 वरून थेट मखमलीवर उडी मारणाऱ्याच्या दगडावर ओरखडेच चमकतात. तेल चोळूनही दगड ओला दिसतो, पण ती फसवी चकाकी. त्यावर धूळ बसते आणि साप सरपटला की ते तेल त्याच्या पोटाला लागते. सापाशेजारी ठेवायचा दगड कोराच हवा.

हाताने कुठलाही दगड असा चमकतो, हेही खरे नाही. पेटॉस्की मुख्यतः कॅल्साइटचा, मोज मापनावर त्याचा कठीणपणा 3. अकीक 7. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मिळणारा अकीक नुसत्या हाताने घासायला बसलात तर दगडाआधी माणूस झिजेल. त्याला फिरता ड्रम किंवा हिऱ्याच्या कणांची चकती लागते. शिवाय अकीक कोरडा घासू नये. त्याच्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस होतो, आणि गुजरातमधल्या खंभातच्या अकीक कारागिरांनी या रोगाची फार मोठी किंमत मोजली आहे.

आता साप. त्याची तकाकी पाहून लोकांना तो बुळबुळीत, ओलसर वाटतो. तो कोरडा असतो. खवल्यांचा बाहेरचा थर केराटिनचा, म्हणजे आपली नखे ज्याची असतात त्याच प्रथिनाचा. रेनबो बोआच्या अंगावर उन्हात जे इंद्रधनुष्य खेळते, ते रंगद्रव्याचे नसते. खवल्यांवरच्या अतिसूक्ष्म रेघांवर प्रकाश विखुरतो, त्याचा तो खेळ. कात टाकल्यानंतरचे काही दिवस रंग सर्वांत खुललेले असतात, तेव्हाच फोटो काढावा. कात टाकण्याआधी डोळे निळसर, धुरकट होतात. तेव्हा सापाला नीट दिसत नाही, तो बिथरलेला असतो. तेव्हा कॅमेरा ठेवून द्यावा.

सर्वांत घातक समज ‘शांत’ या शब्दाभोवती आहे. बॉल पायथन दगडाशेजारी डोके आत घेऊन चेंडूसारखा वळला, तर तो निवांत बसलेला नसतो, घाबरलेला असतो. त्याचे नावच या बचावाच्या सवयीवरून पडले. काही जण साप हलू नये म्हणून फोटोआधी त्याला फ्रीजमध्ये ठेवतात. हा शुद्ध क्रूरपणा आहे. सापाचे शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. गारठ्याने त्याचे स्नायू आणि पचन दोन्ही मंदावतात, तो ‘शांत’ होत नाही, हतबल होतो. नुकताच जेवलेला साप अशा हाताळणीने भक्ष्य ओकून टाकतो, म्हणून जेवणानंतर किमान दोन दिवस त्याला हात लावू नये.

उलट बाजूही तितकीच जपायची. उन्हात किंवा दिव्याखाली तापलेला दगड सापाला आवडतोच, असे मानले जाते. ऊब त्याला हवी असते, पण पोटाखालचा दगड प्रमाणाबाहेर तापला तरी अनेकदा साप वेळेवर उठत नाही आणि भाजतो. पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अशा जखमा ओळखीच्या असतात. कॉर्न स्नेकच्या पेटीतली उबदार बाजू साधारण 30 अंश सेल्सिअसला ठेवतात. दगड त्याच्या आसपास कोमट हवा, मिशिगनच्या हिवाळ्यात गॅरेजमधून उचलून आणलेला बर्फगार नको. आणि दगडांची चळत रचू नये, सापाच्या जोराने ती ढासळते.

प्रकाश जितका जास्त तितका फोटो चांगला, असेही नाही. थेट फ्लॅशने चकचकीत दगडावर पांढरा डाग उमटतो आणि तसाच सापाच्या डोळ्यावरही. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तोही चमकतो. खिडकीतून पातळ पांढऱ्या कापडाआडून येणारा उजेड पुरतो. पोलरायझर फिल्टरने दगडावरची झगमग कमी होते. मात्र पूर्ण फिरवला तर खवल्यांची तकाकीही मरते, अर्ध्यावर थांबावे. पायराइटसारख्या धातूच्या चकाकीच्या खनिजावर तो फारसा चालत नाही. साप स्थिर होत नसेल तर दगड हलवा, साप नको.

हे सगळे स्वयंपाकाच्या ओट्यावर करू नका. धडधाकट दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. दगड साबणाने धुवा, हातही. व्हिनेगरने मात्र नको, कॅल्साइटचे पॉलिश आम्ल खाऊन टाकते.

परदेशातले हे फोटो पाहून इथे हौस करू पाहणाऱ्यांसाठी एवढेच: धामण, दिवड, नाग, अजगर हे आपल्याकडचे साप वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. ते पकडणे किंवा घरात ठेवणे गुन्हा आहे, फोटोपुरते असले तरी. बॉल पायथनसारख्या, सायटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी सापाची 2024 च्या नियमांनुसार नोंदणी लागते. घरात साप शिरला तर लांब उभे राहा आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.