उल्हासकाठचा म्हशीचा धंदा : भाकड काळाचा प्रश्न

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शहरांत दुधाला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेव्हापासून या पट्ट्यातील वस्ती वाढतच गेली. एकट्या बदलापूरची लोकसंख्या २००१ साली सुमारे ९८ हजार होती, ती २०११ साली पावणेदोन लाखांच्या घरात गेली. बाजारपेठ अशी दाराशी आली असता आसपासच्या गावांतील म्हैस मात्र ओसरली.

याची वरवरची कारणे सर्वांस ठाऊक आहेत. खाचरांच्या चिखलणीस पूर्वी रेडे लागत. पॉवर टिलर आले आणि त्यांचे काम गेले. ज्या वरकस जमिनीत गवत होई, तिच्यावर इमारती उठल्या. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्याने जनावर डुंबविण्याजोगी राहिली नाही. अशा पाण्यावर वाढलेले पॅरा गवतही दुभत्या जनावरास घालू नये. परंतु धंद्याला आतून पोखरणारे कारण निराळेच आहे.

मुंबईच्या तबेल्यांची रीत अशी की हरियाणा-गुजरातेतून ताजी व्यालेली मुऱ्हा, मेहसाणा किंवा जाफराबादी म्हैस आणावयाची, दूध आटेपर्यंत पिळावयाची आणि भाकड होताच विकून टाकावयाची. रेडकू दुधावाचून मरते. मग पान्ह्यासाठी सुई टोचली जाते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने ती मना आहे. १९४९ साली आरे दुग्धवसाहत झाली व पुष्कळ म्हशी शहराबाहेर गेल्या. जागा बदलली, रीत पुष्कळशी तीच राहिली. उत्तम जातीची म्हैस येथे येते आणि तिचा वंश येथेच खुंटतो. वहीत ही ‘विक्री’ म्हणून लिहिली जाते. वस्तुतः तो भांडवलाचा तोटा होय.

गावातील शेतकऱ्याने ही रीत उचलू नये. म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा असतो. व्याल्यावर तीन-चार महिन्यांत ती पुन्हा गाभण राहिली तर तेरा-चौदा महिन्यांनी दुसरे वेत मिळते. अडचण एवढीच की म्हशीचा माज बहुधा मुका असतो. गाईसारखी ती उधळत नाही. पहाटे किंवा रात्री कधीतरी ओरडणे, वारंवार थोडथोडी लघवी करणे, दूध एकाएकी कमी देणे, काचेसारखा चिकट सोट टाकणे, एवढ्याच खुणा. दिवसा गोठ्यात डोकावणाऱ्यास त्या दिसणार नाहीत. एक माज चुकला की २१ दिवस गेले. रोज ६ किलो पेंढा धरला तरी सव्वाशे किलो पेंढा फुकट. याकरिता घरातील एका माणसाने पहाटे व रात्री गोठ्यात फेरी घालावी. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करवून घ्यावे आणि दोन-तीन महिन्यांनी गर्भतपासणी चुकवू नये. लिंगनिश्चित वीर्य वापरल्यास शंभरातील सुमारे नव्वद वासरे मादी निघतात. घरची पारडी वाढविणाऱ्यास त्याचा मोठा उपयोग आहे.

उन्हाळ्यात माज दबतो. म्हशीची कातडी काळी व घर्मग्रंथी थोड्या. नदी गेली तरी गोठ्याशी हौद बांधता येतो. तोही नसल्यास दुपारी दोन-तीन वेळा अंगावर पाणी मारावे.

येथील मुख्य वैरण भाताचा पेंढा. तो पोट भरतो, पोसत नाही. १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपावा व २१ दिवस घट्ट झाकून ठेवावा. सहा महिन्यांखालील वासरांस हा पेंढा देऊ नये, आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाशी कदापि येऊ देऊ नये. जोडीस खनिज मिश्रण हवेच.

घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्याच फेरीत उल्हासकाठचे गोठेही पाहावेत. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये नदीने काठ सोडला होता. म्हैस पोहणारे जनावर आहे. बांधलेली म्हैस मात्र जागीच बुडते. दावे एका ओढीत सुटेल अशा गाठीचे असावे, आणि ती गाठ घरातील मुलांनाही सोडता यावी.