उत्सवाचा नाद आणि शेजाऱ्याची निद्रा

गणरायाच्या आगमनाचे दिवस जवळ आले, की मखर कसले करावे, मूर्ती कोठे बसवावी, पहिल्या दिवशी नैवेद्याला किती मोदक लागतील, याची चर्चा घरोघरी रंगते. आपल्या आरतीचा घोष भिंतीपलीकडच्या घरात कसा ऐकू जातो, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत सहसा निघत नाही. आम्हीही साठी उलटेपर्यंत तो स्वतःला विचारला नव्हता. गेल्या वर्षी ती पाळी आमच्यावर आली. ती कशी आली, हे आजच्या मंगल प्रसंगी वाचकांना सांगावेसे वाटते.

आमचे सारे आयुष्य कृष्णाकाठी वाईस गेले. व्यवसाय नारदीय कीर्तनाचा, व्यासंग संस्कृताचा. आमच्या जुन्या वाड्याच्या भिंती हातभर रुंद होत्या. तरीही शेजारी मुसळाचा ठोका पडू लागला, की आज तेथे काय कांडले जात आहे, हे आमच्या मातुःश्री चुलीपाशी बसल्या बसल्या सांगत. आळीत आवाज कमी होते असे नव्हे. परंतु प्रत्येक आवाजामागे एक ओळखीचा चेहरा होता. म्हणून तो सोसवत असे.

गेल्या वर्षी आषाढात सौभाग्यवतींच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही ठाण्यास चिरंजीवांकडे मुक्कामास गेलो. सात मजली इमारत आणि तिसऱ्या मजल्यावरील सदनिका. पहिल्याच रात्री साडेदहाच्या सुमारास डोक्यावर ‘ठक्’ असा आवाज झाला. क्षणभर शांतता, पुन्हा ‘ठक्’, आणि त्यामागून काहीतरी फरफटत नेल्यासारखा घसारा. हे पाऊण तास चालले. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही तेच. सौ.ना विश्रांती सांगितलेली. त्या कूस बदलत पडून राहत. चौथ्या रात्री तर आवाज होण्याच्या अगोदरच आम्ही त्याची वाट पाहत जागे होतो. आवाजाने जितकी झोप मोडते, त्याहून अधिक ती आवाजाच्या प्रतीक्षेने मोडते, हा अनुभव सदनिकांत राहणाऱ्या पुष्कळांचा असेल.

“उद्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे लेखी तक्रारच देतो,” असे चिरंजीव म्हणाले. वॉचमनकरवी निरोप धाडावा, असे सूनबाईंचे मत पडले. आम्ही म्हटले, “ज्यांच्याशी तोंडओळखही नाही, त्यांची पहिली भेट कागदाने होऊ नये. सकाळी आम्हीच जाऊन येतो.” खरे सांगावयाचे तर आमच्या मनात समजुतीपेक्षा उपदेशच अधिक होता. जिना चढताना वरच्या मंडळींना कोणते सुभाषित ऐकवावे, याची जुळवाजुळव चालली होती.

दार एका सात-आठ वर्षांच्या मुलीने उघडले. बैठकीच्या खोलीत खुर्चीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आमच्याहून दहा-बारा वर्षांनी वडील. समोर चार पायांचा ॲल्युमिनियमचा वॉकर. चैत्रात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. रोज चालण्याचा सराव केलाच पाहिजे, असे डॉक्टरांचे सांगणे. आणि त्यांना कमरेशी धरून चालवील असे घरात एकच माणूस, त्यांचा मुलगा. तो कामावरून दहाच्या पुढे परते. मग दोन घास खाऊन वडिलांना स्वयंपाकघरापर्यंत नेई आणि परत आणी. ‘ठक्’ हा आवाज त्या वॉकरचा होता. घसारा न उचलणाऱ्या उजव्या पायाचा होता.

आमचे सुभाषित ओठांतच विरले. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, मग संकोचत आम्ही येण्याचे कारण सांगितले. त्या घरच्या सूनबाई ओशाळून म्हणाल्या, “काका, खाली इतके ऐकू जात असेल हे आमच्या ध्यानीच आले नाही.” इतक्यात ती मुलगी आमच्याकडे निरखून पाहत म्हणाली, “तुम्हीच का ते पहाटे झांज वाजवणारे आजोबा? आमचे आजोबा रोज पाच वाजता दचकून उठतात.”

आईने तिला डोळ्यांनी दटावले. परंतु बाण सुटला होता. पहाटे पाचला स्नान उरकून देवापुढे झांजेवर दोन पदे म्हणण्याचा आमचा चाळीस वर्षांचा परिपाठ आहे. वाईस त्याने कोणाची झोप मोडली असेल तर ती कृष्णामाईलाच ठाऊक. ठाण्यासही आम्ही तो तसाच चालू ठेवला होता. आणि वर, दुखण्यामुळे रात्रभर तळमळणाऱ्या त्या गृहस्थांचा डोळा लागे तो पहाटे चारच्या सुमारास. त्यांना शब्द नीट फुटत नव्हते. त्यांनी डावा हात किंचित उचलून ‘चालायचेच’ अशी खूण केली. ती खूण आम्हांस कोणत्याही लेखी तक्रारीहून अधिक लागली.

श्रीमद्भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायातील पंधराव्या श्लोकावर आम्ही कितीतरी पूर्वरंग रंगविले आहेत. भगवंतांना प्रिय असणाऱ्या भक्ताचे लक्षण तेथे दोन अंगांनी सांगितले आहे. आपल्यापायी लोकांना उद्वेग होऊ न देणे हे पहिले अंग. लोकांपायी आपण उद्विग्न न होणे हे दुसरे. त्यातील क्रम लक्षात घ्यावा. आपण बहुधा दुसऱ्याच अंगाची चिंता वाहतो, तीही ‘लोकांनी मला त्रास का द्यावा’ एवढ्यापुरती. ‘उद्वेग’ हा शब्द ज्या ‘विज्’ धातूपासून आला, त्याचे अर्थ भिणे आणि थरथरणे हे आहेत. झोपेतून दचकणे हा उद्वेगच. चाळीस वर्षे ज्या शब्दाची व्युत्पत्ती आम्ही श्रोत्यांना सांगत आलो, तो शब्द त्या बालिकेने आपल्या बोलीत आमच्यापुढे ठेवला.

पुढचा मार्ग दोन्ही घरांनी मिळून काढला. आमचे चिरंजीव स्थापत्य अभियंते आहेत. त्यांनी जे समजावून दिले, ते सदनिकांत राहणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्यासारखे आहे. घरातील आवाज दोन वाटांनी प्रवास करतो. बोलणे, गाणे, दूरदर्शन यांचा आवाज हवेतून निघून दाराच्या फटीतून व खिडकीतून शेजारी जातो; दार-खिडकी लावली, दाराखालची फट बुजविली, की तो पुष्कळ कमी होतो. खलबत्त्याचा घाव, ओढलेली खुर्ची, वॉकरचा पाय यांचा धक्का मात्र स्लॅबमध्येच शिरतो आणि काँक्रीटमधून खांबांच्या वाटेने दूरवर पसरतो. म्हणूनच डोक्यावर वाजले म्हणजे ते वरच्याच घरात वाजले, असा निष्कर्ष काढू नये. कधी तो ठोका बाजूच्या अथवा दोन मजले पलीकडच्या घरातला निघतो. अशा धक्क्यावर खालच्या घराने पडदे लावून काही उपयोग नाही. तो जेथे उगम पावतो तेथेच मऊ करावा लागतो.

त्याप्रमाणे वरच्या घरी वॉकरच्या झिजलेल्या पायांना नवी रबरी बुचे बसली. चालण्याच्या पट्ट्यावर, अडखळू नये अशा बेताने कडा चिकटवून, जाड रबरी चटई अंथरली. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे लागले. चिरंजीवांनी आणखी एक गोष्ट केली: ते संध्याकाळी साडेसातला घरी येत, तेव्हा आठवड्यातून चार दिवस तेच वर जाऊन आजोबांना चालवू लागले. तक्रारीचा कागद लिहावयास निघालेला हात असा कामी आला. आवाज पूर्ण थांबला नाही; हलकासा ‘ठक्’ येतच राहिला. परंतु आता सौ. त्या आवाजाबरोबर पावले मोजत आणि “आज चार पावले अधिक झाली हो,” असे म्हणत झोपी जात.

आमच्या झांजेचे काय? आम्ही ती सकाळी सातपर्यंत वेष्टनात ठेवू लागलो. प्रथम मन कचरले. ब्राह्ममुहूर्तीची सेवा मुकी कशी करावी? मग मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील जपविचार आठवला. मोठ्याने केलेल्या जपापेक्षा जवळच्यालाही ऐकू न येणारा उपांशु जप श्रेष्ठ आणि मानस जप त्याहूनही श्रेष्ठ, अशी चढती पायरी तेथे सांगितली आहे. आम्ही कीर्तनकार, नामाचा घोष हा आमचा प्राण आहे आणि तो सोडावा असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु घोष श्रोत्यांसाठी असतो. निजलेला शेजारी हा श्रोता नव्हे. पहाटे मानस पूजा आणि उजाडल्यावर झांज, असा नेम केल्यापासून देव रुष्ट झाल्याचे आमच्या अनुभवास आलेले नाही.

राजशासनाचा नियमही येथे धर्माच्या बाजूनेच उभा आहे. ध्वनिप्रदूषणाविषयी केंद्र सरकारने २००० साली केलेल्या नियमांनुसार निवासी वस्तीत ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या दोन आकड्यांतील अंतर कळते. रात्र म्हणजे दहापासून सकाळी सहापर्यंत; अर्थात आमचे पहाटेचे पाच ही कायद्याच्या दृष्टीने रात्रच होती! प्रार्थनेसाठी इतरांची शांतता भंग करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिला होता. १८ जुलै २००५ च्या निकालात त्याच न्यायालयाने, नको असलेला आवाज कानांवर लादला न जाणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. उत्सवासाठी राज्य शासन वर्षातून अधिकाधिक पंधरा दिवस रात्री बारापर्यंत ध्वनिवर्धकास मुभा देऊ शकते. परंतु ती सवलत वेळेची आहे, हवा तेवढा मोठा आवाज करण्याची नव्हे.

सगळेच शेजारी आमच्या वरच्या मंडळींसारखे भेटतील असे आम्ही म्हणत नाही. कोणी दार लोटून घेतो, कोणी मुद्दाम आवाज वाढवितो. तेथे काय करावे? राग तापलेला असताना मध्यरात्री दार ठोठावू नये. दुसऱ्या दिवशी उजेडी, शक्य तर घरातील वडीलधाऱ्यांसह जावे. ‘तुम्ही फार आवाज करता’ असे न म्हणता ‘अमुक वेळी अमुक आवाज येतो, घरात आजारी माणूस आहे’ असे नेमके सांगावे, आणि मागणीही नेमकी करावी: मिक्सरखाली जाड घडी घाला, दहानंतर कपाट सरकवू नका. दोनदा सांगूनही न ऐकल्यास तारीख-वेळ टिपून ठेवावी आणि मग सोसायटीच्या कमिटीकडे लेखी अर्ज द्यावा. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालूच राहिला, तर पोलिसांस ११२ क्रमांकावर कळविण्यात अधर्म नाही. सोसणे हा गुण खरा. परंतु आजाऱ्याच्या वतीने सोसण्याचा अधिकार आपणास नाही.

भाद्रपद आला. सोसायटीचा गणपती इमारतीखालच्या पार्किंगमध्ये बसतो. कमिटीच्या मंडळींनी आम्हांस पाचव्या दिवशी कीर्तनाचे आमंत्रण दिले आणि दोन मोठे ध्वनिवर्धक आणण्याचा बेत सांगितला. आम्ही विचारले, “श्रोते किती?” उत्तर आले, “साठ-सत्तर.” आम्ही म्हटले, “एवढ्यांसाठी आमचा गळा पुरेसा आहे. गुरुजनांनी मंदिराच्या मंडपात आवाज फेकण्यास शिकविले ते कशासाठी? माथ्यावर काँक्रीटचे छत आहे. येथे यंत्र लावले तर पहिल्या मजल्यावरची तान्ही मुले झोपणार नाहीत.” तरुण मंडळी प्रथम हिरमुसली. पण ध्वनिवर्धकाचे भाडे वाचले, त्यातून श्रोत्यांना मसाला दूध मिळाले, तेव्हा तीही खुलली. कीर्तन साडेसातला उभे राहिले आणि साडेनऊला आरती झाली.

त्या दिवशी वरचे आजोबा लिफ्टने खाली आले होते. नातीचा हात एका बाजूस आणि मुलाचा दुसऱ्या बाजूस. पहिल्या रांगेत त्यांना खुर्ची दिली. पूर्वरंगात त्यांनी मान डोलावली. उत्तररंगास आम्ही आख्यान लावले आणि ऐन रंगात आले असता पाहतो तो आजोबांची हनुवटी छातीला टेकलेली. त्यांना गाढ झोप लागली होती. कीर्तनकाराच्या समोर श्रोता झोपला, की त्याच्या मनाला ते बोचते. एरवी आम्ही अशा वेळी झांज जोराने वाजवून श्रोत्यास जागे केले असते. त्या रात्री आम्ही झांज खाली ठेवली, पेटीवाल्यास हातानेच सूर हळू करण्याची खूण केली, आणि उरलेले आख्यान नुसत्या चिपळ्यांवर, दबक्या आवाजात पूर्ण केले.