मोबाइलमधली फिजिक्सची प्रयोगशाळा

दहावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी अकरावीला सायन्स घेते आणि सहामाही आली की म्हणते, "आई, फिजिक्स मला जमत नाही." क्लास तालुक्याला, फी परवडत नाही, शेवटची एसटी उशिराची. मग काही घरांत लगेच स्थळांचं बोलणं निघतं. पण पुष्कळदा खोट पोरीच्या डोक्यात नसते. तिनं सेल-बल्बची जोडणी कधी हातानं केलेली नसते, आणि ओळखीचे शब्द एकदम इंग्रजी झालेले असतात. या दोन्हींवर घरातला मोबाइल कामाला येतो.

एक नाव लिहून ठेवा: फेट. अक्षरं पी, एच, ई, टी. नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली हे काम सुरू केलं. यात वाचायचं कमी, करून बघायचं जास्त. पडद्यावर बोटानं वायर ओढायची, सेल लावायचा, बल्ब लावायचा. जोडणी पुरी झाली की बल्ब पेटतो. सेलच्या दोन्ही टोकांना नुसतीच वायर जोडली तर शॉर्ट होऊन ज्वाळा दिसतात. घरच्या बोर्डाशी असला खेळ नकोच, इथं मात्र खुशाल करावा.

यातले बरेच प्रयोग मराठीतही आहेत. मुलीला सांगा, तोच प्रयोग आधी मराठीत उघड, मग इंग्रजीत. विद्युतधारा म्हणजे करंट, रोध म्हणजे रेझिस्टन्स, हे मग पाठ करावं लागत नाही.

तरी नुसतं बघून हाताला वळण लागत नाही. त्यासाठी अरविंद गुप्ता यांची साइट बघा. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी करत होता. त्यांची मोटर तर करायलाच हवी. टॉर्चचा जाड सेल घ्या, दोन सेफ्टी पिना सायकलच्या ट्यूबच्या रबरानं त्याच्या दोन टोकांना बसवा आणि वर चुंबक ठेवा. मोटर वाइंडिंगवाल्याकडून लेप दिलेली थोडी तांब्याची तार आणा. तिचे दहाएक वेढे करून दोन्ही टोकं पिनांच्या भोकांत अडकवा. खरी गंमत लेप खरवडण्यात आहे. एका टोकाचा सगळा लेप काढायचा, दुसऱ्याचा फक्त अर्ध्या बाजूचा. का? अर्धा फेरा झाला की चुंबकाचा जोर उलटा बसतो आणि वेटोळं नुसतं मागेपुढे डुलत राहतं. त्या अर्ध्या फेऱ्यात लेपामुळे वीज तुटते, वेटोळं आपल्या वेगानंच पुढं जातं, आणि पुन्हा ढकललं जातं. मिक्सर फिरतो तोही वीज आणि चुंबकाच्या अशाच ढकलण्यावर. मात्र सेल तापतो, जास्त वेळ चालू ठेवू नका.

गटाच्या बैठकीला एका फोनभोवती चार मुली बसल्या तरी भागतं. फेटचे प्रयोग रेंज असेल तिथं डाउनलोड करून घ्या, मग नेट नसलं तरी चालतात. बालभारतीची पुस्तकंही ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मिळतात. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका.